तटबंदीचं चित्र आणि टाक्याचं पाणी

सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल म्हणजे मेणाचा कागद. मेण खरवडलं की तिथून शाई उतरते. सतराव्या शतकात युरोपातले चित्रकार असंच काम तांब्यावर करायचे. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईनं चित्र, मग पत्रा तेजाबात. मेण निघालं तिथं तेजाब तांबं खातं. त्या खाचेत शाई भरायची नि कागदावर दाबून छाप घ्यायचा.

किल्ल्यांची, वेढ्यांची अशी चित्रं राजेलोकांना हवी असत. आपली फत्ते भिंतीवर टांगायला. झाक कालो या चित्रकारानं नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराचा वेढा १६२८ च्या सुमारास सहा पत्र्यांवर उतरवला. जणू आभाळातून पाहिलेलं. तट, खंदक, छावण्या सगळं नीट. लांबची माणसं मुंगीएवढी. पण याच कालोनं १६३३ साली युद्धाच्या हालअपेष्टांवर १८ चित्रं छापली. त्यात लूट आहे, जळतं गाव आहे, झाडाला लटकलेली माणसं आहेत. सुई तीच. बघणारा खाली उतरला, एवढंच.

त्याच १६३३ साली आपला दौलताबाद निजामशाहीकडून शहाजहानच्या फौजेनं घेतला. तासलेला उभा कडा, खडकात खोदलेला खंदक, शत्रूला चकवणारी अंधारी. किल्ला घेणाऱ्यांची नावं आपण शाळेत पाठ केली. छिन्नी धरणाऱ्यांची कुणी शिकवली नाहीत.

आणि १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस कार्यकर्त्यांसह इथं आले. वेरूळ बघायचं होतं. अंगावर प्रवासाची धूळ. दरवाज्याबाहेरच्या टाक्यावर काहींनी हातपाय धुतले. टाकं बाटवलं म्हणत एक म्हातारा ओरडत आला, गर्दी जमली. इथं ओरडणारा मुसलमान होता. सात वर्षांपूर्वी महाडला चवदार तळ्यापायी लाठ्या घेऊन आले ते हिंदू होते. जातीला कुठलाच दरवाजा बंद नाही. शेवटी किल्ला बघू दिला, पण पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत.

तट फौजेला अडवतो. ही दुसरी तटबंदी तहानेला अडवते, नि किल्ल्याच्या कुठल्या नकाशात तिची रेघ नाही. बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली म्हणून आपल्याला दिसते.

दौलताबादला पोरं घेऊन जाल तेव्हा तोफा, बुरूज जरूर दाखवा. पण आत शिरण्याआधी दरवाज्यापाशी थांबा, नि १९३४ सांगा.