वीज नको म्हणून निवडलेला किनारा आणि विजेवरची मोटार

१/ नागावच्या वाडीतल्या घराच्या ओट्यावर, पंपाच्या स्टार्टरशेजारी, जाड भोकांचा एक सॉकेट असतो. वायरमन त्याला ‘पंधरा अँपियर’ म्हणतो, घरातली माणसे ‘पॉवर पॉइंट’. तो बसवला गेला गिझरसाठी किंवा एसीसाठी. आता त्यात रात्री मोटारीची केबल लागू लागली आहे. मोटार नवी आहे, पण तिला पोसणाऱ्या तारेचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. तो सुरू होतो नागावपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर, अलिबागेत. आणि सुरू होतो तो वीज नको म्हणून. #थ्रेड

२/ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद ठेवली जात होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे घाटू लागले. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने वेधशाळेच्या नाजूक सुया भरकटणार, हे उघड होते. संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी पर्यायी जागा शोधली. मुंबईपासून फार दूर नसलेली, पण विजेपासून दूर असलेली अशी ती जागा म्हणजे अलिबाग.

३/ १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. लोहाचा अंश टाळण्यासाठी इमारतीला पोरबंदरी दगड वापरला गेला. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी झाल्या आणि १९०६ मध्ये कुलाब्यातील चुंबकीय नोंदी थांबल्या. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली.

म्हणजे अष्टागरच्या या पट्ट्याला विज्ञानाच्या नकाशावर स्थान मिळाले ते तिथे वीज नव्हती म्हणून! ही वेधशाळा आजही चालू आहे.

४/ याच काळात अमेरिकेत काय चालले होते? १९०० साली तिथे बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेवरची मोटार ही आजची नवलाई नव्हे. पेट्रोलची मोटारच त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर होती.

५/ त्या मोटारी घरी चार्ज कशा होत? अडचण अशी की बॅटरीला लागतो एकदिश प्रवाह आणि अनेक घरांत येई प्रत्यावर्ती. १९०२ च्या सुमारास पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर शोधला. काचेच्या मोठ्या फुग्यातून निळसर-हिरवा प्रकाश फेकणारे हे यंत्र श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये रात्रभर जळत राही. आज तेच काम मोटारीच्या पोटात बसवलेला चार्जर करतो. नागावच्या ओट्यावरच्या केबलवर लटकणारी पेटी पुष्कळांना चार्जर वाटते. वास्तविक ती पहारेकरी आहे. अर्थिंग तपासणे, प्रवाहावर मर्यादा घालणे, गळती झाल्यास वीज तोडणे एवढेच तिचे काम.

६/ मग ती पहिली पिढी संपली का? बॅटरी दुबळी होती, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९१२ मध्ये विजेवरची साधी मोटार १,७५० डॉलरला, तर पेट्रोलची ६५० डॉलरला मिळत असे. त्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये बटनावर सुरू होणारा स्टार्टर आला आणि हँडल फिरवण्याची कटकट संपली. मात्र सर्वांत मोठे कारण मोटारीच्या बाहेर होते. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या ग्रामीण भागात दहांतल्या जेमतेम एका घरात वीज होती. पेट्रोल डब्यात भरून कुठल्याही शेतावर नेता येई. वीज जिथे तार तिथेच. विजेवरची मोटार रस्त्यावर हरली नाही. ती शहराच्या वेशीवर, शेवटच्या खांबापाशी थांबली.

७/ तो ‘शेवटचा खांब’ कोकणात कुठे होता, हे पाहण्यासारखे आहे.

८/ फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळे, पाती फिरत आणि वीज उंच मनोऱ्यांवरून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या परळला, कापडगिरण्यांकडे जाई. खोपोली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होती. नागावही त्याच जिल्ह्यात. (१ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड.) वीज जिल्ह्यात जन्मली आणि जिल्ह्याच्या डोक्यावरून निघून गेली.

९/ भिऱ्याची कथा अधिक कठोर आहे. तिथल्या केंद्रासाठी घाटमाथ्यावर मुळशीचे धरण झाले. आपली भातखाचरे बुडणार हे कळताच मावळे उठले. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणाविरुद्धच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. सत्याग्रह मोडला, गावे बुडाली, १९२७ मध्ये भिरा सुरू झाले.

त्या केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिकेतून वाहत रेवदंड्याच्या खाडीत, नागावच्या दक्षिणेला, समुद्राला मिळते. वीज मुंबईला गेली, पाणी तेवढे किनाऱ्याला आले.

१०/ त्या दशकांत नागावच्या नारळी-पोफळीला पाणी मिळे ते रहाटगाडग्याने. विहिरीवर जनावर फिरे, पोहरे भरून येत, पाटाने पाणी वाडीत जाई. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. कोकणच्या खेड्यांत तारा पोहोचल्या त्या मुख्यत्वे या मंडळाच्या खांबांवरून. रहाट थांबले, पंप आले. घरातल्या मोटारीच्या सॉकेटचा खरा पूर्वज हा पंप आहे. वाडीत जाड वायर, मोठा फ्यूज आणि अर्थिंगचा खड्डा आला तो त्याच्यामुळे.

११/ २००१ मध्ये बंगळुरूत चेतन मैनी यांची ‘रेवा’ आली. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, सुमारे ऐंशी किलोमीटरचा पल्ला. तिची खरी क्रांती दुर्लक्षितच राहिली: तिला वेगळे केंद्र नको होते, घरचा पंधरा अँपियर पुरे होता. २०१० मध्ये ती कंपनी मुंबईच्या महिंद्रांकडे गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची टियागो ईव्ही ८ लाख ४९ हजारांच्या प्रारंभिक किमतीत आली, तीही याच सॉकेटवर चार्ज होणारी.

१२/ कायद्याचा पेचही मजेशीर होता. वीज कायदा २००३ प्रमाणे वितरणाला परवाना लागतो. मग मोटार चार्ज करून देणे ही वीजविक्री ठरते का? १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की ही सेवा आहे, तिला परवाना नको. १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटले गेले की मालक घरच्या विद्यमान जोडणीवर मोटार चार्ज करू शकतो.

१३/ आता हिशेब. मोठ्या बॅटरीची टियागो २४ युनिटची. सॉकेटमधून तासाला तीन युनिट धरले, तर रात्रभराचे काम. एका युनिटवर सात-आठ किलोमीटर धरल्यास महिन्याच्या हजार किलोमीटरला सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. पेट्रोलच्या तुलनेत हे स्वस्तच. पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, पुढे तिसरा. ज्या घराचे बिल आजवर पहिल्या टप्प्यात बसे, तिथे मोटारीचे बरेच युनिट वरच्या टप्प्यात पडतात. जाहिरातीतला ‘किलोमीटरला एक रुपया’ हा आकडा म्हणूनच प्रत्येक घराला सारखा लागू पडत नाही.

१४/ किनाऱ्याचे आणखी दोन शत्रू: वाळू आणि खारी हवा. कोरडी वाळू वीज नीट शोषत नाही, म्हणून मे महिन्यात अर्थिंग कमकुवत होते आणि केबलवरची ती पेटी लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारते. पुष्कळदा खड्ड्यात पाणी ओतले की काम भागते. जुन्या माणसांना हा उपाय पंपापासूनच ठाऊक आहे. खाऱ्या हवेने सॉकेटची पितळी पाने काळवंडतात, जोड सैल होतो आणि तासन्‌तास पूर्ण भार ओढला गेला की तिथेच तापून प्लास्टिक वितळते. गिझर पंधरा मिनिटे चालतो, मोटार आठ तास. स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी यांचा आग्रह म्हणूनच.

१५/ शनिवारी मुंबईकर पाहुणे येतात, रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर कापून किंवा मांडव्याच्या रो-रोने. एका वाडीच्या डीपीवर अशा पाच मोटारी लागल्या की एकदम पंधरा किलोवॉट भार वाढतो, तोही एसी आणि पंप चालू असताना. शंभर वर्षांपूर्वी जिल्ह्याची वीज मुंबईकडे जात होती. आता मुंबईची मोटार वीज घ्यायला जिल्ह्याच्या वाडीत येते.

१६/ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. माड-पोफळी तारांवर पडल्या, तारांनी खांब ओढले. किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत घरच्या सॉकेटवरची मोटार निरुपयोगी ठरली असती हे खरेच. मात्र पेट्रोल पंपाचे यंत्रही विजेवरच चालते, याचा विसर पडतो. अलिबाग शहरात चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून भूमिगत वाहिन्या झाल्या. वाड्यांमधून जाणाऱ्या तारा बहुतांशी आजही झाडांच्याच उंचीवर आहेत.

१७/ शेवटची एक नोंद. १९१० च्या दशकात अमेरिकी वीज कंपन्या ग्राहकांना सांगत, मोटार रात्री चार्ज करा, तेव्हा यंत्रे रिकामी असतात. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळू लागली ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत, कारण आता स्वस्त वीज सूर्याची. नागावात पाहुणा किनाऱ्यावर असतो, मोटार वाडीत उभी असते, ती नेमकी हीच वेळ.