घरच्या सुताचे दोन तुकडे

जुनी पत्रे वाचण्याचे व्यसन मराठी माणसाला नवे नाही. राजवाडे, खरे, पारसनीस यांनी ते आपल्याला लावले. एखाद्या खलित्यात मोहिमेच्या मजकुराखाली घरच्या दुखण्याखुपण्याची ओळ आली की मोहीम बाजूला राहते आणि डोळे त्या ओळीवरच खिळतात. निदान माझे तरी तसे होते. त्याच सवयीने काही वर्षांपूर्वी मी एका वेगळ्याच दफ्तरात शिरलो. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स, त्यांच्या पत्नी ॲबिगेल आणि तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांचा सगळा पत्रव्यवहार लेस्टर कॅपन यांनी १९५९ साली दोन खंडांत संपादून छापला आहे. खंड हाती घेतले ते राज्यघटना आणि राजकारण यांच्या लोभाने. गुंतून पडलो मात्र एका आठ वर्षांच्या मुलीत.

ॲबिगेलबाईंची ओळख आधी करून दिली पाहिजे. पाद्र्याची ही मुलगी शाळेचे तोंडही न पाहता वाढली. १७६४ साली तिचे वकील जॉनशी लग्न झाले आणि पुढे क्रांतीच्या धामधुमीत नवरा वर्षानुवर्षे घराबाहेर राहिला. त्या दोघांची अकराशेहून अधिक पत्रे आज शिल्लक आहेत. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात तिने नवऱ्याला बजावले, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांचीही आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. (त्याच महिन्यात पुण्याचे कारभारी आणि इंग्रज यांच्यात पुरंदरचा तह झाला होता, इंग्रजांना तेव्हा जगाच्या दोन्ही टोकांना डोकेदुखी होती.) जॉनने ते हसण्यावारी नेले. हे पत्र आता सर्वांना ठाऊक आहे. पण टाचण्या बाजारातून नाहीशा झाल्या आहेत, तेवढ्या फिलाडेल्फियाहून पाठवा, असे लिहिणारी ॲबिगेल मला अधिक जवळची वाटते. स्वातंत्र्ययुद्धाची झळ टाचणीपर्यंत पोचते, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

आपली पत्रे जाळून टाका, असे ती नवऱ्याला सांगत असे. त्याने ऐकले नाही. उलट नकला ठेवण्यासाठी तिने वही करावी असा आग्रह धरला. जेफर्सनचा प्रकार याच्या अगदी उलट. सार्वजनिक पत्रांची प्रत न् प्रत जपणाऱ्या या गृहस्थाने आपला आणि पत्नीचा पत्रव्यवहार मात्र असा नाहीसा केला, की त्यातले एकही पत्र उरले नाही. या दोन घरांच्या स्वभावातले अंतर एवढ्यावरून ध्यानात यावे.

तरी या घरांचे मेतकूट जमले होते. १७८५ साली जॉन लंडनला अमेरिकेचा पहिला वकील म्हणून गेला आणि जेफर्सन पॅरिसला त्याच कामावर राहिला. मग लंडनहून मेजावरची वस्त्रे आणि सदरे, पॅरिसहून जोडे आणि शोभेच्या मूर्ती, अशी देवघेव सुरू झाली. एकदा जेफर्सनने बाईंना मिनर्व्हा, डायना आणि अपोलो यांच्या मूर्ती धाडल्या आणि लिहिले, की व्हीनसही मिळत होती, पण एकाच मेजावर दोन व्हीनस बसवणे मला रुचले नाही. स्तुती करावी तर अशी!

आता ती मुलगी. जेफर्सन १७८४ साली थोरल्या मुलीला घेऊन युरोपात आला तेव्हा धाकट्या दोघी व्हर्जिनियात मावशीजवळ राहिल्या. त्यांतली लुसी त्याच वर्षी डांग्या खोकल्याने गेली. उरली पॉली. तिला जवळ आणायचा बापाने ध्यास घेतला, पण पॉली जायला तयार होईना. शेवटी मावसभावंडांसह तिला जहाजावर खेळायला नेले, खेळता खेळता ती झोपी गेली, आणि जागी झाली तेव्हा जहाज चालू लागले होते. जून १७८७ मध्ये ती लंडनला ॲबिगेलच्या दारात उतरली. सोबतीला चौदा वर्षांची एक गुलाम मुलगी होती, सॅली हेमिंग्ज. या सॅलीचे नाव पुढे येणार आहे.

आल्याबरोबर पॉली जहाजाच्या कप्तानाला सोडीना. थोड्याच दिवसांत तिने ॲबिगेलला तसेच धरले. बापाने स्वतः यावे अशी बाईंची अपेक्षा होती. त्याने पेटी नावाचा आपला फ्रेंच नोकर पाठवला, ज्याला इंग्रजीचा शब्द येत नव्हता. ॲबिगेलने ६ जुलैच्या पत्रात पॉलीचेच म्हणणे बापाला कळवले, की सगळी आप्तमंडळी सोडून मी समुद्र ओलांडून आले, तर बाबांनी निदान मला न्यायला यायचे होते, ज्याचे बोलणे कळत नाही असा माणूस का पाठवला? शब्द मुलीचे होते, पण त्यांतली धार बाईंची होती. कामाचा डोंगर पडला आहे, हे जेफर्सनचे कारण. मला ते कधीच पुरेसे वाटले नाही.

पुढची तेरा वर्षे पक्षभेदाने खाल्ली. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सनने जॉनला हरवले. त्याच सुमारास ॲडम्स दांपत्याचा मुलगा चार्ल्स दारूपायी गेला होता. ४ मार्च १८०१ रोजी नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता जॉन पहाटेच राजधानी सोडून गेला. मग पत्रे बंद पडली.

एप्रिल १८०४ मध्ये पॉली वारली. तिचे वय पंचवीस. ही बातमी कळल्यावर ॲबिगेलने २० मे रोजी जेफर्सनला सांत्वनाचे पत्र लिहिले, नवऱ्याला न सांगता. मानाने मला अडवले होते, पण मनाला आवरता आले नाही, असा त्याचा रोख आहे. लंडनला गळ्याला मिठी मारून रडलेली ती मुलगी बाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

इथे जेफर्सनने आभार मानून थांबायला हवे होते. पण राजकारणी माणसाला राहवत नाही. ॲडम्सने जाता जाता केलेल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांनी आपण दुखावलो, आयुष्यात त्याची ही एकच गोष्ट आपल्याला लागली, असे त्याने उत्तरात लिहिले. झाले! बाईंनी १ जुलैला हिशेब मांडला. जॉनची बदनामी करणाऱ्या कॅलेंडर नावाच्या पत्रकाराला पैसे कोणी दिले? त्याची शिक्षा कोणी माफ केली? जो साप तुम्ही ऊब देऊन पाळला तोच तुम्हाला डसला, हेही त्यांनी सुनावले. त्याला कारण होते: याच कॅलेंडरने १८०२ साली उलटून जेफर्सन आणि सॅली हेमिंग्ज यांचा संबंध छापून टाकला होता. तो मजकूर दोन शतके विरोधकांची चिखलफेक म्हणून बाजूला सारला गेला. १९९८ च्या रक्ततपासणीनंतर बहुतेक इतिहासकारांनी त्यातले तथ्य मान्य केले आहे. पॅरिसच्या वाटेवर ॲबिगेलच्या घरी मुक्कामाला असलेली ती हीच मुलगी.

दोन्हीकडून मिळून सात पत्रे झाली. ऑक्टोबरमध्ये बाईंनीच विषय संपवला आणि मग ते सारे नवऱ्यापुढे ठेवले. जॉनने नकलेखाली १९ नोव्हेंबरला नोंद केली, की हा सगळा पत्रव्यवहार माझ्या नकळत सुरू झाला आणि चालला. याविषयी या वेळी आणि या ठिकाणी मला काही म्हणायचे नाही. बायकोवर रागावण्याचे सोडून तिचा कागद जसाच्या तसा जपून ठेवणाऱ्या या तापट माणसाबद्दल माझा आदर इथे दुणावला.

दोघांत समेट घडवल्याचे श्रेय डॉक्टर बेंजामिन रश यांना दिले जाते, आणि ते खोटे नाही. पण १८११ च्या जानेवारीत रशने गोष्ट काढली तेव्हा जेफर्सनने त्याच्याकडे काय धाडले? ॲबिगेलबरोबरची १८०४ ची पत्रे! जे बोलायचे ते तिने सात वर्षांपूर्वीच बोलून टाकले होते. पुरुषांना उरले होते ते फक्त नमस्कार-चमत्कार. म्हणून १८०४ चा पत्रव्यवहार फसला असे लिहिणाऱ्यांशी माझे जमत नाही.

१ जानेवारी १८१२ रोजी जॉनने लिहिले, की घरच्या सुताचे दोन तुकडे पाठवत आहे. पत्र आधी पोचले, गठ्ठा मागे राहिला. जेफर्सनला ते खरेच कापड वाटले आणि त्याने उत्तरात व्हर्जिनियात घरोघरी सूत कसे निघते याचे सविस्तर वर्णन केले. गठ्ठ्यातून निघाले काय, तर जॉनच्या मुलाच्या वक्तृत्वकलेवरील व्याख्यानांचे दोन खंड. त्यानंतरच्या चौदा वर्षांत दोघांची १५८ पत्रे झाली. त्यांतली १०९ जॉनची. समोरच्याचे एक आले की याची दोन तयार!

ॲबिगेलही परत आली. जुलै १८१३ मध्ये नवऱ्याच्या पत्राखाली जागा शोधून तिने जुन्या मैत्रिणीचा नमस्कार लिहिला. जेफर्सनने २२ ऑगस्टला तिला मोकळेपणाने उत्तर दिले. त्याला ठाऊक नव्हते, की त्याच महिन्यात तिची एकुलती मुलगी नॅबी कर्करोगाने गेली होती. बाईंनी सप्टेंबरात ते त्याला कळवले. पॉलीच्या वेळी जे तिने केले, ते आता त्याच्या वाट्याला आले. ॲबिगेल गेली तेव्हा, १३ नोव्हेंबर १८१८ ला, त्याने जॉनला लिहिलेले पत्र लहान आहे. शब्द इथे व्यर्थ, काळ आणि मौन हेच औषध, एवढाच त्याचा आशय. पण या वेळी राजकारणाचा एक शब्दही त्यात नाही.

४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, दोघेही काही तासांच्या अंतराने वारले. तो योगायोग सगळे सांगतात. मी मात्र जॉनच्या अखेरच्या पत्रावरची तारीख पाहून थबकलो. तारीख १७ एप्रिल. पॉली गेली त्या दिवसाला बरोबर बावीस वर्षे. म्हाताऱ्याला त्याची आठवण नसावी. पत्रात त्याने जेफर्सनचा नातू भेटून गेल्याचे कळवले आहे, आणि विचारले आहे, की तुम्ही व्हर्जिनियाचे लोक एवढे उंच कसे हो, आम्ही तर त्याच्यापुढे अगदी बुटके दिसतो.