आकाशगंगेच्या पट्ट्यातले ठिपके: प्रस्तावना

भोसरी-मोशीवरून निघालेला नाशिक रस्ता चाकण, खेड, मंचर मागे टाकत नारायणगावात शिरतो. तिथून पूर्वेला थोडे आत गेले की खोडद. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या अनेकांनी तिथल्या जाळीच्या अवाढव्य डिश पाहिलेल्या असतात. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला, मुलांना घेऊन जाणारेही कमी नाहीत. तीस डिश, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, गोविंद स्वरूप यांची कल्पना, एवढे तिथल्या फलकावरून कळते. या डिश बघतात तरी काय, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनात तसाच राहून जातो. हे पुस्तक त्या प्रश्नाच्या एका छोट्या तुकड्याला हात घालते. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात अगदी लहान, ठिपक्यासारखे दिसणारे रेडिओस्रोत आहेत. त्यांची शिरगणती कशी करतात, आणि ती करण्याचा खटाटोप कशासाठी, इतकाच याचा विषय.

आपण आकाशगंगेच्या चकतीच्या आतच राहतो, त्यामुळे ती आपल्याला कडेने दिसते: एक अरुंद पट्टा, आणि त्यात सगळे एकामागे एक कोंबलेले. तिथली धूळ दूरचा प्रकाश अडवते, रेडिओतरंगांना अडवत नाही. कार्ल जान्स्कीने 1933 साली आकाशगंगेकडून येणारी रेडिओखरखर जाहीर केली, तेव्हापासून हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्राचा घरचा विषय आहे. 1958 मध्ये वेस्टरहाउटने नेदरलँड्समधल्या 25 मीटर डिशने त्यातल्या स्रोतांची यादी केली. डब्ल्यू49, डब्ल्यू51 ही त्या यादीतली नावे आजही चालतात. पण 21-22 सेंटिमीटर तरंगलांबीला त्या डिशला दिसणारा सर्वांत बारीक तपशील पूर्ण चंद्राच्या बिंबाएवढा होता. त्या एका बिंबात शंभर लहान स्रोत मावले असते, आणि तरी ते एकच दिसले असते.

अडचण फक्त बारकाव्याची नाही. हा सगळा पट्टा स्वतःच रेडिओप्रकाशाने उजळलेला आहे: चुंबकीय क्षेत्रात फिरणारे वेगवान इलेक्ट्रॉन, फुटलेल्या ताऱ्यांची कवचे, तापलेल्या हायड्रोजनचे विस्तीर्ण ढग. या उजेडातून ठिपका वेगळा काढायचा कसा? इथे खोडदच्या रचनेचा उपयोग होतो. तीसपैकी 14 डिश साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात आहेत, उरलेल्या 16 वाय आकाराच्या तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन डिशमधले अंतर सुमारे 25 किलोमीटर. प्रत्येक डिशचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून बघतात, म्हणजे 435 जोड्या. जवळच्या जोडीला मोठ्या आकाराची वस्तू दिसते. लांबच्या जोडीला मोठे काहीच दिसत नाही, फक्त लहान दिसते. त्यामुळे लांबच्या जोड्यांना जास्त वजन दिले की पसरलेला उजेड गळून जातो आणि ठिपके उरतात. 610 मेगाहर्ट्झला असा ठिपका सुमारे पाच विकलांपर्यंत बारीक ओळखता येतो. लांबच्या जोडीला मोठे न दिसणे इतके कामाचे ठरावे, हे मला आजही या यंत्रातले सर्वांत सुंदर अंग वाटते.

ठिपका सापडला म्हणून काम संपत नाही. माझ्या मते खरे काम तिथून सुरू होते. तो नुसता ठिपका आहे. तो आपल्या आकाशगंगेतला आहे की तिच्या कैक पट पलीकडच्या दीर्घिकेचा गाभा आहे, हे त्याच्या दिसण्यावरून कळत नाही. आकाशात कुठल्याही दिशेला पाहिले तरी बहुसंख्य लहान रेडिओस्रोत परदीर्घिकीयच असतात आणि आकाशगंगेचा पट्टा त्याला अपवाद नाही. आपल्याला हवी असलेली माणसे त्या गर्दीत मिसळलेली आहेत. एक, नुकताच जन्मलेला भारी तारा: भोवतीच्या दाट हायड्रोजनचे आयनीभवन करून तो एक प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान कोष तयार करतो. वुड आणि चर्चवेल यांनी 1989 मध्ये अशा अतिलघु कोषांचे मोठे सर्वेक्षण अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने केले. दोन, मरणपंथाला लागलेल्या मध्यम ताऱ्याने बाहेर टाकलेले कवच. तीन, स्पंदक, म्हणजे पल्सर. आणि क्वचित कृष्णविवरासारखा सोबती असलेली ताऱ्यांची जोडी.

ओळख पटवण्याचे पहिले साधन म्हणजे दोन वारंवारता. समजा, 5 गिगाहर्ट्झला 100 मिलीजान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओतेजाचे एकक) एक ठिपका दिसला. तो दाट, अपारदर्शक हायड्रोजनकोष असेल, तर त्याचे तेज वारंवारतेच्या वर्गाने घटते आणि 610 मेगाहर्ट्झला जेमतेम दीड मिलीजान्स्की उरते. ती दूरची साधारण दीर्घिका असेल, तर उलट 400 मिलीजान्स्कीच्या वर जाईल. स्पंदक असेल, तर तीसेक पट वाढेल. म्हणून वरच्या वारंवारतेची आणि खालच्या वारंवारतेची सर्वेक्षणे एकमेकांची सख्खी भावंडे आहेत. एकाशिवाय दुसरे अर्धे मुके. 'कॉर्निश' या सर्वेक्षणाने व्हीएलए वापरून 5 गिगाहर्ट्झला पट्ट्याचे 110 चौरस अंश तपासले आणि 3,062 स्रोतांची यादी दिली. त्यांची वर्गवारी करताना स्पिट्झर दुर्बिणीची अवरक्त छायाचित्रे हाताशी होती, कारण कोवळ्या ताऱ्याचा कोष आणि म्हाताऱ्या ताऱ्याचे कवच रेडिओत जवळपास जुळे दिसतात. काही तरुण परदीर्घिका तर स्वतःचेच कमी वारंवारतेचे तरंग गिळतात आणि हायड्रोजनकोषाचे सोंग घेतात. अशा वेळी 1420 मेगाहर्ट्झची हायड्रोजनरेषा कामी येते. स्रोत आणि आपण यांच्यामध्ये असलेले ढग त्याचा उजेड आपापल्या वेगांवर शोषतात. आकाशगंगेच्या पार बाहेरच्या कडेच्या ढगांचीही खूण पडली असेल, तर स्रोत त्यांच्या पलीकडचा.

खोडदला आणखी एक गोष्ट अनुकूल आहे, ती अक्षांशाची. आकाशगंगेचे केंद्र दक्षिण आकाशात आहे. खोडदहून ते क्षितिजावर सुमारे 42 अंश चढते, न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलएहून 27 अंश, आणि नेदरलँड्सहून जेमतेम आठ-नऊ. केंद्रातल्या सॅजिटेरियस ए-स्टार या स्रोताचे कमी वारंवारतेला दर्शन घेण्याचे काम सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी इथूनच केले. केंद्राच्या दिशेला एक विघ्न मात्र आहे: वाटेतला आयनीभूत वायू ठिपका पसरवतो, आणि हा विस्तार तरंगलांबीच्या वर्गाने वाढतो. कमी वारंवारतेला जो ठिपका नाही असे वाटते, तो कदाचित फक्त पसरलेला असतो.

खोडदच्या सुधारित दुर्बिणीवर, म्हणजे जीएमआरटीवर, 300 ते 750 मेगाहर्ट्झमध्ये हा पट्टा नव्याने पाहण्याचा 'मेगाप्लग' हा प्रकल्प आहे. त्याच्या पथदर्शी निरीक्षणांचा निबंध 2023 मध्ये आला. निबंधाच्या शीर्षकातच त्या निरीक्षणांतून मिळालेल्या धड्यांचा उल्लेख आहे. नव्या वाचकाने स्रोतांच्या यादीआधी हे धडे वाचावेत, असा माझा आग्रह आहे.

आता जमिनीवरच्या आपल्या चाकण-खोडद पट्ट्याबद्दल आणि तिथल्या रेडिओगोंगाटाबद्दल. चाकण आणि खोडद यांच्यात सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर आहेत. चंद्रावर एक वॅटचा जुना टूजी मोबाइल चालू ठेवला तर तो इथे शेकडो जान्स्कीचा स्रोत म्हणून दिसेल. आपण शोधतो त्यातले कित्येक ठिपके त्याच्या लाखाव्या हिश्श्याहून मंद. मग वेल्डिंगची ठिणगी, सैल जोड असलेली वीजवाहिनी किंवा मोबाइलचा मनोरा काय करू शकतो, ते वेगळे सांगायला नको. वीजवाहिनीवरच्या ठिणग्या पन्नास हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला शंभरदा, उडतात. त्या नियमितपणामुळेच संगणकाला त्या हेरून छाटता येतात. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावाजवळून आखलेला मार्ग जीएमआरटीच्या प्रश्नावरूनच अडला आणि दुसऱ्या मार्गाचा विचार सुरू झाला. चाकणच्या चौकात रोज अडकणाऱ्याला याचा राग आला तर तो चुकीचा नाही. दुर्बिणीची बाजूही तितकीच खरी आहे: एकदा गोंगाटात बुडलेले आकाश पुन्हा शांत करून मिळत नाही.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. खोडदहूनच 150 मेगाहर्ट्झला केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाच्या प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. त्याच्या 2017 च्या यादीत सुमारे सव्वासहा लाख स्रोत आहेत. निगडीत किंवा राजगुरुनगरात बसून साध्या लॅपटॉपवर त्या प्रतिमा उघडता येतात. कॉर्निशच्या यादीत हायड्रोजनकोष ठरलेला एखादा तेजस्वी ठिपका घ्यावा आणि तो 150 मेगाहर्ट्झला शोधावा. बहुधा सापडणार नाही. टीजीएसएसची नजर 25 विकलांची, कॉर्निशची दीड विकलेची, हा फरक आधी हिशेबात धरावा. शेजारी पसरलेला ढग असेल, तर तिथली पार्श्वभूमी किती खडबडीत आहे ते मोजावे. आणि मगच तो तिथे नसण्याचा अर्थ लावायला बसावे. पहिले प्रकरण अशाच एका ठिपक्यापासून सुरू होते.