चार्ल्स शोभराज : मराठी अधिकाऱ्याने दोनदा पकडलेला ‘बिकिनी किलर’

चार्ल्स शोभराजचा जन्म ६ एप्रिल १९४४ रोजी व्हिएतनाममधील सायगाव येथे झाला. वडील भारतीय, आई व्हिएतनामी आणि नागरिकत्व फ्रान्सचे. १९७०च्या दशकात आशियात भटकणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांशी तो मैत्री करायचा, त्यांना गुंगीचे औषध द्यायचा, पैसे आणि पासपोर्ट लुटायचा. अनेकांचा जीवही गेला.

मुंबई पोलिसांतील मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये पहिल्यांदा पकडले. पुढे १९७६ मध्ये तो दिल्लीत सापडला आणि तिहार तुरुंगात गेला. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घालून तो पळाला. तीनच आठवड्यांत, त्याच्या वाढदिवशीच, झेंडे यांनी त्याला गोव्यातील पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमध्ये पुन्हा पकडले.

मात्र ही अटक त्याच्या पथ्यावरच पडली, असे मानले जाते. थायलंडमध्ये खुनांसाठी त्याला मृत्युदंड होऊ शकत होता. पण तिथल्या वॉरंटची मुदत २० वर्षांची होती. पळून जाण्याच्या गुन्ह्यामुळे भारतातली कैद लांबली आणि १९९७ मध्ये तो सुटला, तेव्हा ती मुदत संपली होती.

२००३ मध्ये तो स्वतःहून नेपाळला गेला आणि अडकला. १९७५ मधील दोन खुनांसाठी तिथे त्याला शिक्षा झाली. वय आणि आजारपणामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्याची सुटका झाली व त्याला फ्रान्सला पाठवण्यात आले. थायलंडमधील खुनांचा खटला मात्र त्याच्यावर कधीच चालला नाही.