चहाचा प्याला आणि समाजाचा धाक

मनुष्य रूढि पाळतो तो ती त्याला पटलेली असते म्हणून, आणि मोडतो तो ती पटेनाशी झाली म्हणून, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. परंतु एखाद्या जुन्या प्रकरणाचे कागद उलगडून पाहिले, तर ही समजूत फार वेळ टिकत नाहीं. मनांतून न पटणारी रूढि जन्मभर निमूटपणें पाळणारीं माणसें जशीं आढळतात, तशींच रूढीवर मनापासून श्रद्धा ठेवून ती दररोज थोडी थोडी मोडणारींही आढळतात. याचें मर्म समजून घेण्यास पुणें शहरांत १८९० सालीं घडलेल्या एका चहापानाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

त्या सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. निमंत्रणावरून शहरांतील चाळीस-पन्नास प्रतिष्ठित गृहस्थ तेथें जमले होते. न्यायखात्यांत मोठ्या हुद्द्यावर असलेले महादेव गोविंद रानडे, केसरीचे बाळ गंगाधर टिळक आणि ऐन पंचविशीच्या आंतबाहेर असलेले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांपैकीं होत. व्याख्यान संपल्यावर यजमानांनीं चहा-बिस्किटें पुढें केलीं. कोणी चहा प्याले. कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता प्याला हातांत घेऊन खालीं ठेविला. कोणी कशालाच स्पर्श केला नाहीं. मंडळी आपापल्या घरीं गेली आणि प्रकरण तेथेंच संपावयाचें.

तें संपलें नाहीं, याचें कारण गोपाळ विनायक जोशी. विलायती वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे हे पति. स्वभावानें अत्यंत विक्षिप्त. त्यांच्याकडून हजर असलेल्या मंडळींचीं नांवें ‘पुणेंवैभव’ पत्राकडे गेलीं, तीं छापून आलीं, आणि शहरांत एकच गहजब उडाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचें अन्नोदक ब्राह्मणांनीं घेतलें, असा हा आरोप होता. सनातनी मंडळींनीं शंकराचार्यांकडे दाद मागितली. शंकराचार्यांनीं शास्त्र्यांचें कमिशन नेमिलें, आणि कोण चहा प्याला, कोणीं नुसता प्याला धरला व कोण नुसताच बसून राहिला, याची एखाद्या दिवाणी दाव्यासारखी चौकशी सुरू झाली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. परजातीच्या हातचें खाणेंपिणें त्या काळच्या इंग्रजी शिकलेल्या पुणेकरांना अगदींच अपूर्व होतें, असें नाहीं. आगगाडी १८५८ सालींच पुण्यास येऊन पोंचली होती. प्रवासांत, मुंबईच्या मुक्कामांत, स्नेह्यासोबत्यांच्या बैठकींत सोंवळ्याचे नियम कितीसे पाळले जातात, हें घरोघर ठाऊक होतें. घरांतल्या वडील मंडळींनाही तें कळत असे. पण कळत असूनही तीं न कळल्यासारखें करीत. चोरून केलेल्या गोष्टीकडे समाज डोळेझांक करतो, कारण ती चोरून केली यांतच नियमाचा मान राखलेला असतो. नांवांची यादी छापून आली, आणि हा आडपडदा नाहींसा झाला. जें प्रत्येकाला ठाऊक होतें, तें आतां प्रत्येकाला ठाऊक आहे हेंही प्रत्येकाला ठाऊक झालें. त्यानंतर गप्प बसणें म्हणजे संमति देणें होतें. आणि तेवढी संमति देण्यास कोणीच तयार नव्हता.

समाजाच्या हातीं शिक्षेचें जें साधन होतें, त्यास ग्रामण्य म्हणत. तुरुंग नाहीं, फटके नाहींत. तरीही त्याच्या धाकानें भलेभले नरमत. बहिष्कृताच्या पंक्तीस कोणी बसावयाचें नाहीं, त्याच्या घरीं भिक्षुकानें पाऊल टाकावयाचें नाहीं. मुंज अडे, लग्न अडे, वडिलांच्या श्राद्धास ब्राह्मण मिळेना. मुलीच्या सासरचीं माणसें तिला माहेरीं पाठविण्यास कचरत. यांतील खरी मेख अशी कीं, बहिष्कृताशीं व्यवहार ठेवणाराही बहिष्कृत ठरे. म्हणून ज्याला त्या चहांत कांहींच गैर वाटत नव्हतें, असा शेजारीही आपल्या मुलीच्या लग्नाकडे पाहून त्या घराची पायरी चढेनासा होई. शिक्षा करणाऱ्यांचा हा जमाव पुष्कळ वेळां स्वतःच भ्यालेल्या माणसांचा बनलेला असे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून कठोर होई, आणि एकेकट्याच्या मनांत नसलेली कठोरता सर्वांची मिळून उभी राही. रूढीचें बळ हें श्रद्धेच्या बळाहून निराळें कसें, तें येथें दिसतें.

या प्रसंगीं दोन थोर पुरुषांनीं काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. टिळकांनीं आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतल्याचा पुरावा पुढें केला. नियमाच्या चौकटींत राहून, नियमानेंच दिलेल्या वाटेनें त्यांनीं आपली सुटका करून घेतली. ज्या लोकांना राजकारणांत आपल्यामागें न्यावयाचें, त्यांच्यापासून खाण्यापिण्याच्या प्रश्नावर तुटून निघूं नये, हें धोरण त्यांच्या एकंदर वर्तनाशीं सुसंगत होतें.

रानड्यांची अडचण अधिक बिकट होती. १८८७ पासून सामाजिक परिषदेची धुरा त्यांच्या खांद्यावर होती. त्यांना स्वतःपुरती बहिष्काराची भीति फारशी नव्हती. परंतु त्यांच्याबरोबर त्या दिवशीं गेलेल्या मंडळींचा संसार होता, वृद्ध आईबाप होते. रानडे प्रायश्चित्त घेत नाहींत तोंवर आपण कसें घ्यावें, असा त्यांस संकोच. आणि न घ्यावें, तर घरांत रोजची रडारड. अखेर १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. सनातन्यांना तें पुरेसें वाटलें नाहीं आणि सुधारकांना तें असह्य झालें. सुधारकांच्या सेनापतीनेंच शस्त्र खालीं ठेविलें, असा बोल त्यांना लागला. पत्नीच्या निधनानंतर १८७३ सालीं, वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून त्यांनीं अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें होतें, त्याचीही यानिमित्तानें पुन्हा आठवण निघाली. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या चहाच्या प्रकरणास जागा दिली आहे, त्यावरून त्या घराला याचा किती ताप झाला असेल, हें कळून येतें.

रानड्यांस भित्रे म्हणणें सोपें आहे, पण त्यानें कांहीं उलगडत नाहीं. ज्या वर्तनाला भीरुता म्हटलें जातें, त्यांत पुष्कळदां दुसऱ्याविषयींची माया असते. आणि ग्रामण्याची करामत हीच कीं, तें माणसाच्या मायेलाच वेठीस धरी. अपराध एकाचा, आणि झळ त्याच्या आईला, मुलीला, मित्राला. एकट्यापुरतें धैर्य असून येथें भागत नाहीं. तरीही त्या प्रायश्चित्ताची किंमत समाजाला द्यावी लागली, हेंही नाकारतां येत नाहीं. रानड्यांसारखा पुरुष माघारा फिरतो असें दिसल्यावर, कुंपणावर बसलेल्या शेंकडों तरुणांनीं आपला पाय मागें घेतला असल्यास नवल नाहीं.

याच्या पुढच्याच वर्षीं, मार्च १८९३ मध्यें, फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशीं पुण्यांत विवाह केला. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालींच मिळालेली होती. पण कायदा लग्न लावूं शकतो, पंक्तीला पान मांडूं शकत नाहीं. कर्वे आपल्या मुरुड गांवीं गेले, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार टाकिला, आणि त्यांना घरांत घेणाऱ्या सख्ख्या भावासही तीच शिक्षा ठरविली. आईला मुलगा डोळ्यांनीं दिसे, पण घरांत घेतां येत नसे.

कर्व्यांनीं प्रायश्चित्त घेतलें नाहीं. तसेंच गांवाशीं भांडणही मांडलें नाहीं. त्यांनीं एक साधी, पण दूरदृष्टीची गोष्ट केली. त्याच सालीं त्यांनीं विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली आणि पुनर्विवाहित कुटुंबें एकत्र जमविण्यास आरंभ केला. एकट्या कुटुंबाला पंक्तीबाहेर ठेवितां येतें. पण अशीं वीस कुटुंबें एकत्र जेवावयास बसलीं, कीं तीच एक पंक्ति होते. तेथें लहान मुलांना खेळगडी मिळतात, सणासुदीला माणसें मिळतात. १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम निघाला, पुढें स्त्रियांचें विद्यापीठ उभें राहिलें. ज्या गृहस्थास गांवानें ओसरी नाकारिली, त्यास १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न ही पदवी देण्यांत आली.

मिशनमधल्या त्या चहाचें तरी पुढें काय झालें? त्यावर कोणी शास्त्रार्थ जिंकला नाहीं. शहरांत उपाहारगृहें वाढलीं, कचेऱ्या वाढल्या, परगांवचीं माणसें एका बांकावर बसूं लागलीं, आणि चहा घेणाऱ्यांची संख्या इतकी झाली कीं बहिष्कार घालावयास बाहेर कोणी उरलें नाहीं. एक दोन पिढ्यांत ज्या गोष्टीपायीं कमिशन बसलें, ती पाहुण्याच्या आदरातिथ्याची पहिली खूण ठरली. तो चहा नाकारणारा माणूसच उद्धट वाटूं लागला. नियम गेला आणि त्याच्या जागीं दुसरा नियम येऊन बसला.

ग्रामण्य हा शब्द आतां कोशांतच भेटतो. त्यामागची वृत्ति मात्र तितकी जुनी झालेली नाहीं. मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राला २०१६ सालीं सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा नवा कायदा करावा लागला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध असा कायदा एकविसाव्या शतकांतही लागतो, यावरून त्या धाकाचीं मुळें किती खोल आहेत तें समजावें. कायद्यानें पीडिताच्या पाठीशीं उभें राहतां येतें, आणि तें अवश्य आहे. परंतु बहिष्काराचा खरा जीव शेजाऱ्याच्या मौनांत असतो. ज्या दिवशीं पहिला शेजारी उघडपणें त्या घरीं जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशीं आणखी एक जण त्याच्यामागून जातो, त्या दिवसापासून रूढीचें आयुष्य मोजण्यास आरंभ होतो.