अंगणांतील आड व काळ्या खडकांतील पाणी

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण आपल्या जिल्ह्यांतील माणसास समजावून सांगावी लागत नाहीं. ख्रिस्तमंदिर केव्हां बांधलें, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येथें होऊन गेले, हा वृत्तांत ज्युबिलीच्या स्मरणिकेंत यावयाचाच. परंतु ज्या पाण्याच्या भरंवशावर आपलीं घरें येथें टिकलीं, त्याचाहि इतिहास आहे, व त्याचा आरंभ जमिनीच्या पोटांत आहे.

सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वाहिला, निवाला, व त्यावर पुनः दुसरा वाहिला. असे थरावर थर सांचून हें पठार झालें. अकोले तालुक्यांतील कळसूबाईचा डोंगर सुमारें ५४०० फूट उंच आहे. त्याच्या कड्यांवर ह्या थरांच्या पायऱ्या कोणासहि पाहतां येतात. तशाच प्रकारचे थर नगर, पारनेर, पाथर्डीकडे आपल्या अंगणाखालीं आडवे पसरलेले आहेत. थराचा पुष्कळसा भाग म्हणजे घट्ट काळा पाषाण. माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला, त्यास मांजऱ्या म्हणतात. आणि दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें भाजलेल्या विटेसारखी तांबडी माती. अखंड पाषाणांत पाणी नाहीं. तें राहतें वरच्या मुरमांत, मांजऱ्याच्या झिजलेल्या भागांत व पाषाणाच्या भेगांत. प्रवरा-गोदावरीच्या कांठचा गाळाचा प्रदेश तेवढा निराळा. म्हणूनच एका घरीं तीस फुटांवर पाणी लागतें व शेजारच्या घरीं शंभर फुटांवरहि धूळच निघते. ह्यांत पाणाड्याचा दोष नाहीं, आणि त्याच्या नारळाचें पुण्यहि नाहीं.

पूर्वींचे लोक हें शास्त्र न शिकतां जाणून होते. नगर शहर १४९० सालीं वसलें. निजामशाहींत त्याचें पाणी कापूरवाडीसारख्या आसपासच्या गांवांहून खापरी नळांनीं आणलें जाई. खेड्यांत मात्र आड व विहीर. वडारी लोक पहार, घण व सुरुंगाची दारू घेऊन खणीत, व मुरूम संपून अखंड पाषाण लागला कीं बहुधा थांबत. हें थांबणें आळसाचें नव्हतें. रुंद विहिरींत रात्रभर पाझर सांचे, दिवसा मोट तो उपसून काढी, आणि तळ दिसूं लागला कीं बैलांना व मालकाला विसांवा घ्यावाच लागे. उपशास अशी एक आपोआप मर्यादा होती.

ती यंत्रानें मोडली. दाबलेल्या हवेच्या जोरावर भोंकाच्या तळाशींच घण मारणारें यंत्र ह्या काळ्या पाषाणांत चालवून दाखविण्यांत जालना येथील स्कॉटिश मिशनचा पुढाकार होता. ही १९६० नंतरच्या दशकांतली गोष्ट. १९६७ सालीं, बिहारच्या दुष्काळाच्या वेळीं, युनिसेफनें अशीं यंत्रें भारतांत आणलीं. वडाऱ्यांना ज्यास महिने लागत, तो पाषाण दिवसा-दोन दिवसांत छेदला जाऊं लागला. परंतु पाणी वर काढणारे ओतीव लोखंडाचे पंप वरचेवर मोडत. तेव्हां जालना व सोलापूर येथें मिशनच्या मंडळींनीं मजबूत पोलादी पंप बनविले, व सोलापूरच्या नमुन्यावरून ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप १९७० नंतरच्या दशकांत तयार होऊन पुढें पुष्कळ देशांत पसरला. प्रॉटेस्टंट बंधूंचें हें ऋण कॅथॉलिक स्मरणिकेंतहि मान्य करणें उचित होय.

हातपंपानें घागरी भरल्या. पुढें त्याच भोंकांत विजेचे पंप उतरले, आणि निराळेंच प्रकरण सुरू झालें. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं वृद्ध माणसें सांगतात कीं तेव्हां धान्य नव्हतें, पण पुष्कळ विहिरींच्या तळाशीं प्यावयास पाणी होतें. नंतरच्या दुष्काळांत दुकानांत धान्य होतें, व पाणी टँकरनें येई. विंधन विहीर पाणी निर्माण करीत नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारी भेग ती मध्येंच गांठते, एवढेंच.

१९४८ सालीं भारतांत आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनीं नगर येथें सोशल सेंटर उभारून शेतकऱ्यांमध्यें दीर्घकाळ काम केलें. विहिरींच्या संख्येनें पाणी वाढत नाहीं, तें डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवावें व मुरवावें लागतें, हा विचार त्यांनीं खेड्याखेड्यांत नेला. त्यासाठीं १९९३ सालीं क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं ‘वॉटर’ ही संस्था स्थापिली. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी उन्हाळ्यांत टँकरची वाट पाही. १९९६ ते २००१ ह्या अवधींत गांवानेंच श्रम करून चर खणले, झाडें लावलीं, चराईस आळा घातला, आणि विहिरींचें पाणी वर आलें. फादर बाखर २०२१ सालीं निवर्तले. हिवरे बाजारनें तर शेतीसाठीं विंधन विहिरी घेण्यासच बंदी केली. राज्याच्या २००९ च्या कायद्यानेंहि ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध ठेविले आहेत.

आपण मात्र घर बांधावयाचें ठरलें कीं प्रथम बोअरचें यंत्र बोलावितों. दोनशें फुटांवर धूळ निघाली तर चारशें म्हणतों. खोल जावें तसतशा भेगा विरळ व मिटलेल्या असतात. यंत्रवाल्याचा हिशेब फुटांवर चालतो, पाण्यावर नव्हे, हें घरधन्यानें ध्यानीं ठेवावें.

आणि मागल्या अंगणांतील तो जुना आड? कित्येकांनीं तो केरकचऱ्यानें बुजविला. वास्तविक तो मुरमापर्यंतच गेलेला असल्यामुळें पाणी मुरविण्यास अगदीं योग्य ठिकाणीं आहे. वर्षाकाठीं २२ इंच पाऊस धरला, तर हजार चौरस फूट छपरावर सुमारें ५० हजार लिटर पाणी पडतें. पन्हळीचें तोंड आडाकडे वळवावें, मध्यें वाळू, खडी व कोळशाची गाळणी ठेवावी, आणि मृगाच्या पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन बाहेर जाऊं द्याव्या.