सेंत-व्हिक्त्वार आणि मोठे पाइनचे झाड

(चित्र). फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (1839–1906) याने 1887 च्या सुमारास रंगविलेले निसर्गचित्र. माध्यम तैलरंग, आकार सुमारे 67 × 92 सेंमी. दक्षिण फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हाँस हे सेझानचे जन्मगाव. गावाच्या पूर्वेला सेंत-व्हिक्त्वार हा चुनखडीचा डोंगर असून त्याचे सर्वोच्च शिखर 1,011 मी. उंच आहे. हा एकच डोंगर सेझान आयुष्यभर रंगवीत राहिला. त्याची तीसच्या आसपास तैलचित्रे आणि त्याहून अधिक जलरंगचित्रे केवळ या डोंगराची आहेत. त्या मालिकेतील हे चित्र विशेष महत्त्वाचे आहे. रंग आणि रचना या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत, हा आधुनिक निसर्गचित्राचा मूळ धडा येथे अत्यंत स्वच्छपणे वाचता येतो.

एक्सच्या नैर्ऋत्येस, सेझानच्या बहिणीच्या नवऱ्याची बेलव्ह्यू नावाची मालमत्ता होती. तिच्या परिसरातून आर्क नदीचे खोरे आणि पलीकडचा डोंगर असा देखावा दिसतो. चित्रात उजवीकडे मध्यावर रेल्वेच्या पुलाच्या कमानी आहेत. एक्स–मार्सेय हा लोहमार्ग 1877 मध्ये सुरू झाला होता आणि पुढच्याच वर्षी सेझानने गाडीतून दिसणाऱ्या या डोंगराची तारीफ बालमित्र एमिल झोला याला पत्राने कळवली होती. पूल तेव्हा नवाच होता. तरी सेझानने त्याला नवलाईची वस्तू म्हणून पुढे आणलेले नाही. शेतांच्या तिरक्या रेषांमध्ये एक ठाम आडवी रेषा त्याला हवी होती आणि ती पुलाने दिली.

रचनेचा कणा डावीकडच्या पाइनच्या बुंध्यात आहे. हा बुंधा उभाच्या उभा चित्रचौकटीच्या वरच्या कडेपर्यंत जातो आणि तेथून त्याच्या फांद्या उजवीकडे, सबंध आकाशभर पसरतात. पाहणाऱ्याने येथे थोडे थांबावे. फांद्यांची खालची कड आणि डोंगराची शिखररेषा एकमेकींना समांतर धावतात. डोंगर जेथे चढतो तेथे फांदी वर उचलली जाते, तो उतरतो तेथे ती खाली येते. दोहोंमध्ये आकाशाची पट्टी तेवढी उरते. झाड चित्रकारापासून काही पावलांवर, तर डोंगर कित्येक किलोमीटर दूर. पण या समांतर रेषांमुळे दोघे एकाच पातळीवर आल्यासारखे भासतात. खोली आणि सपाटपणा यांचा हा ताण संपूर्ण चित्रात जाणवत राहतो. हे झाड निव्वळ देखाव्याची चौकट म्हणून घेतले आहे असे मानणारे या चित्राचा अर्धा भाग पाहतच नाहीत.

रंगयोजनेतही हीच युक्ती आहे. पाश्चात्त्य निसर्गचित्रणाची जुनी रीत अशी होती: अग्रभूमी तपकिरी, मध्यभूमी हिरवी, दूरचे डोंगर निळसर व फिके. उष्ण रंग जवळ येतात आणि शीत रंग मागे सरतात, यावर ती उभी होती. सेझान ही रीत मोडून टाकत नाही. खोऱ्यातील हिरवी-पिवळी शेते मागे जाता जाता डोंगरावरील सौम्य निळ्या आणि गुलाबी छटांत उतरतात, त्यामुळे अंतर कळते. मात्र तोच निळा त्याने पाइनच्या पालवीतही मिसळला आहे आणि तोच गुलाबी-तांबूस रंग फांद्यांवर व अग्रभूमीत ठिकठिकाणी ठेवला आहे. दूरचा रंग असा जवळ आला की नजर एका निळ्यावरून दुसऱ्या निळ्यावर जाते आणि झाड व डोंगर एका धाग्यात ओवले जातात. छायाप्रकाशाच्या गडद-फिक्या उतरणीने आकाराला गोलाई देण्याचे काम येथे बहुतांशी उष्ण आणि शीत छटांच्या शेजाराने होते. पुढे 1904 मध्ये चित्रकार एमिल बेर्नार याला लिहिलेल्या पत्रात सेझानने, हवेचा प्रत्यय येण्यासाठी तांबड्या-पिवळ्यांमध्ये पुरेसा निळा मिसळावा लागतो, या आशयाचा विचार मांडला. त्याच पत्रातील दंडगोल, गोल आणि शंकूचा उल्लेख सर्वतोमुखी झाला. निळ्याविषयीचे वाक्य मागे पडले, आणि ते त्याच्या चित्रांच्या अधिक जवळचे आहे.

कुंचल्याचे काम सर्वत्र सारखे नाही. पालवीत फटकारे तिरके, एकाच दिशेने झुकलेले आहेत, तर शेतांत ते बरेचसे आडवे होतात. 1870 च्या दशकात पोंत्वाझ येथे कामीय पिसारोच्या सहवासात सेझानने दृक्प्रत्ययवाद्यांची उजळ रंगपेटी आणि उघड्यावर बसून रंगविण्याची शिस्त घेतली. क्षणाक्षणाला बदलणारा प्रकाश पकडणे हे मात्र त्याचे ध्येय राहिले नाही. या चित्रात दिवसाची वेळ नेमकी कोणती ते सांगता येत नाही, आणि ती सांगण्याची गरजही भासत नाही.

1895 मध्ये एक्स येथील हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनात हे चित्र लागले, तेव्हा गावकऱ्यांना ते उमगले नाही. झ्वाकीम गास्के या तरुण कवीने मनापासून दाद दिली, म्हणून सेझानने स्वाक्षरी करून ते त्यालाच देऊन टाकले. सेझान आपल्या चित्रांवर क्वचितच सही करीत असे. पुढे 1920 च्या दशकात ते इंग्रज उद्योगपती सॅम्युएल कोर्टोल्ड यांनी विकत घेतले.

सेझानच्या निधनानंतर 1907 मध्ये पॅरिसच्या ‘सालों दोतोन’मध्ये त्याच्या कामाचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. त्याचा परिणाम तत्काळ दिसला: 1908 मध्ये जॉर्ज ब्राकने लेस्ताक येथे रंगविलेली निसर्गचित्रे घनवादाचा आरंभ मानली जातात. पाब्लो पिकासोने तर 1958 मध्ये सेंत-व्हिक्त्वारच्या पायथ्याचा व्होव्हनार्ग येथील वाडा विकत घेतला. त्याचे दफनही तेथेच झाले.

भारतीय आधुनिक चित्रकलेशी सेझानचा धागा सय्यद हैदर रझा यांच्यामार्फत जुळतो. नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या रझा यांची 1948 मध्ये काश्मीरमध्ये असताना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. चित्रांत बांधणी कमी आहे, सेझान अभ्यासा, असा सल्ला ब्रेसाँ यांनी दिला. रझा 1950 मध्ये पॅरिसला गेले आणि त्यानंतरच्या ‘ओ द कान्य’ (1951) सारख्या चित्रांत घरांचे कोनदार आकार काटेकोर बांधणीत आले. मुंबईत असताना त्यांनी केलेल्या प्रवाही जलरंगांशेजारी ‘ओ द कान्य’ ठेवले तर त्या सल्ल्याचे मोल ध्यानात येते.

सेझानने 1902 नंतर ले लोव्ह येथील टेकडीवरून याच डोंगराची जी चित्रे केली, त्यांत शेते, घरे आणि झाडे रंगांच्या तुकड्यांत जवळजवळ विरून जातात. ती चित्रे अधिक धाडसी आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्यापासून सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला तुकडेच दिसतात, त्यांमागची बांधणी दिसत नाही. अभ्यासासाठी कोर्टोल्ड यांच्या संग्रहातील हे चित्र आधी घ्यावे.